रंग्याला रात्री थंडी वाजत नाही

वाचकांचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. माझ्या १३ वर्षांच्या लेकाने हट्टाने व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा एक सरडा, पाळला आहे. नर आहे, सव्वा वर्षाचा, नाव रंग्या. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच असा जाळीचा पिंजरा दिवाणखान्यात आहे. थंडी सुरू झाल्यापासून घरातली हवा इतकी कोरडी झाली की आर्द्रतेचा मापक २५ टक्के दाखवतो. म्हणून यांनी धुकं सोडणारा फॉगर आणला, तो रात्रभर चालतो. धुकं बाहेर जाऊ नये म्हणून पिंजऱ्याला सगळीकडून, वरूनसुद्धा, प्लास्टिक गुंडाळलंय. सासूबाई सहा महिन्यांसाठी बार्शीहून आल्या आहेत. त्यांना त्याची दया येते, म्हणून रात्री लाल बल्ब लावतो. आता रात्री पिंजऱ्यात ८० फॅरनहाइट आणि फॉगरच्या नळीजवळच्या मापकावर ८५ टक्के असतात. आकडे तर चांगले आहेत ना? तरी त्याच्या शीतलं पांढरं असतं ते नारिंगी झालंय. आणि गेले चार दिवस पहाटे तो मान वर करून तोंड किंचित उघडतो, टक् टक् असा बारीक आवाज येतो. घरात रोज एकच वाद, त्याला ऊब हवी की ओल? — एक गोंधळलेली आई

उत्तर

प्रिय आई,

वाद नंतर मिटवू. आधी डॉक्टरांना फोन करा, आणि तो आजच करा.

दुपारी दिव्याखाली बसलेल्या शॅमेलिऑनने तोंड उघडलं तर घाबरायचं कारण नसतं, अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची ती रीत आहे. पण दिवा लागलेला नसताना, पहाटेच्या अंधारात, मान आकाशाकडे करून तोंड उघडणं आणि त्यातून टक् टक् येणं ही वेगळी गोष्ट आहे. श्वासमार्गात चिकट काहीतरी साचल्याची शंका त्यावरून येते. या प्राण्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे जोर लावून खोकून कफ बाहेर टाकणं त्यांना जमत नाही. पूसुद्धा आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होतो आणि बसतो तिथेच. त्यातून हा प्राणी दुखणं लपवण्यात पटाईत. आपल्याला काही दिसतं तोवर त्याने बरेच दिवस सोसलेलं असतं.

कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या दवाखान्यात सरड्याचा अनुभव असेलच असं नाही. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स या संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या भागातले सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर शोधता येतात. जाताना त्या आवाजाचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात पोचल्यावर तो शहाणा बरोबर गप्प बसेल. शीचा फोटो आणि पिंजऱ्याचाही एक फोटो न्या. गाडी आधी दहा मिनिटं तापवून ठेवा. एका खोक्यात आडवी काठी घट्ट बसवा, त्यावर तो, आणि खोक्यावर कापड. अंधारात तो शांत राहतो.

आज रात्रीपासून तीन गोष्टी करायच्या. लाल बल्ब बंद. फॉगर बंद. पिंजऱ्याच्या वरचं आणि समोरचं प्लास्टिक काढून टाका. घर ७२ फॅरनहाइटच्या, म्हणजे २२ सेल्सिअसच्या आसपास असेल, तेवढं त्याला सध्या भरपूर झालं. डॉक्टर बघेपर्यंत त्याहून गार करू नका, आजारी जनावरावर प्रयोग नकोत. सकाळी दिवा लागला की पानांवर दोन-तीन मिनिटं पाणी फवारा, म्हणजे त्याला प्यायला मिळेल. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी ओळखत नाही, पानावरून ओघळणारा थेंबच त्याला पाणी वाटतो.

आता वाद.

तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे. सासूबाईंचंही अर्धं बरोबर आहे. घोटाळा झाला तो दोन चुकीचे अर्धे एकत्र आल्यामुळे. ओल हवी, ती रात्रीच हवी, हे खरं. सरड्याला ऊब लागते, हेही खरं, पण दिवसा. तुमच्या पिंजऱ्यात रात्री ऊब आणि ओल दोन्ही एकदम हजर झाली, वर प्लास्टिकने दारं-खिडक्या बंद. मुंबईतली मे महिन्यातली वीज गेलेली रात्र आठवा. अंगाला चिकटणारी हवा, पंखा नाही, उशीला कुबट वास. आता आंबोलीतली किंवा महाबळेश्वरातली धुक्याची पहाट आठवा. ओल दोन्हीकडे आहे, पण पहिलीत जीव गुदमरतो आणि दुसरीत आपण छाती भरून श्वास घेतो. जंतूंना आणि बुरशीला मात्र पहिली रात्र फार आवडते. रंग्या गेले काही आठवडे रोज रात्री ती मुंबई सोसतोय.

हा प्राणी येतो येमेनमधून आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून. येमेन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट येतं, आणि ‘वाळवंटातला सरडा’ म्हणून पुष्कळ लोक त्याला तापवतात. पण इब, तैझ या तिथल्या शहरांच्या आसपासचे डोंगरउतार हिरवे आहेत. तिथे पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे. जिच्या नावावरून मोका कॉफी म्हणतात ते मोखा बंदर तिथून खाली समुद्राकाठी आहे, आणि ती कॉफी पिकायची ती याच डोंगरांत. उंचावरच्या अशा मुलखात दिवसा ऊन कडक असलं तरी सूर्य मावळला की हवा झपाट्याने गार होते, आणि गार झाली की तिच्यातली वाफ धुकं होऊन, दहिवर होऊन पानांवर उतरते. रात्रभर तो प्राणी त्या गार, ओल्या हवेत फांदीला धरून झोपतो. सकाळी पानांवरचे थेंब चाटतो, मग उन्हात येतो. दुपारपर्यंत सगळं कोरडं ठणठणीत. त्याच्या अंगाचं घड्याळ यावर लागलेलं आहे.

पूर्वी पाळणारे लोक दिवसभर पिंजरा ओला ठेवत आणि रात्री तापवत, म्हणजे नेमकं उलटं. माझ्याही हातून ते झालंय. क्लीव्हलंडमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी रात्री लाल बल्ब लावला आणि शेजारी गरम वाफ सोडणारं यंत्र. दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं की लाल उजेड त्यांना दिसत नाही. डोळ्यांवरच ज्याचं पोट चालतं, रंगांवरच ज्याची बोलीभाषा आहे, त्याला लाल दिसत नाही, हे ऐकून तेव्हा मला हसू यायला हवं होतं. तो रात्र रात्र डोळे उघडे ठेवून बसायचा. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला. तीन आठवडे त्याला पुढच्या पायात इंजेक्शनं दिली, ती डॉक्टरांनी मलाच शिकवली होती, आणि प्रत्येक वेळी तो माझ्याकडे अशा काही नजरेने बघायचा की माझाच हात थरथरायचा. वाचला. पण त्यानंतर माझ्या घरात रात्री पिंजऱ्यावर दिवा लागलेला नाही, कुठल्याच रंगाचा.

आता तुमच्या ‘आकडे तर चांगले आहेत ना’ कडे येते, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे.

आर्द्रतेचा टक्का म्हणजे पाण्याचं माप नव्हे. हवा जेवढं पाणी धरू शकते त्यातलं किती धरलंय, एवढंच तो सांगतो. आणि ती धरण्याची ताकद तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. शून्य अंशाची एक घनमीटर हवा जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरते. १७ अंशाला साडेचौदा ग्रॅम, २२ अंशाला १९ ग्रॅमच्या वर, २७ अंशाला जवळजवळ २६. बाहेरची शून्य अंशाची, अगदी तुडुंब भरलेली हवा घरात आली आणि तुमच्या घरातल्या हीटरने तिला २२ अंशांपर्यंत तापवलं की तेच ५ ग्रॅम १९ ग्रॅमच्या भांड्यात पडतात. झाले २५ टक्के. तुमचा मापक खोटं बोलत नव्हता, शिकागोच्या हिवाळ्याची ती सरळ गोष्ट आहे.

हाच हिशेब रात्रीला लावा. ८० फॅरनहाइटला, म्हणजे २७ अंशांना ८५ टक्के गाठायला हवेत २२ ग्रॅम पाणी कोंबावं लागतं. १७ अंशांना तेच ८५ टक्के सव्वाबारा ग्रॅममध्ये होतात. म्हणजे पिंजरा गार असेल तर जवळजवळ निम्म्या पाण्यात काम होतं, भिंती भिजत नाहीत, काचेवरून पाणी ओघळत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते, आधी गारवा, मग ओलावा. गारवा आणता येत नसेल त्या रात्री धुकं सोडूच नका. माझी मर्यादा २० अंशांची आहे, म्हणजे ६८ फॅरनहाइट. त्याच्या वर पारा असेल तर माझा फॉगर सुरूच होत नाही. उन्हाळ्यात कित्येक रात्री तो बंदच असतो, आणि माझ्या सरड्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

मग ८५ टक्क्यांत झोपूनही रंग्याच्या शीतलं पांढरं नारिंगी का झालं? शरीरात पाणी पुरेसं असलं की ते पांढरं असतं, टोकाला जरा पिवळसर चाललं तरी चालतं, पूर्ण नारिंगी म्हणजे त्याला पाणी कमी पडतंय. एक तर तुमचा मापक फॉगरच्या तोंडाशी आहे. नळाखाली हात धरून ‘पाऊस पडतोय’ म्हणण्यातला तो प्रकार. दुसरं, ऊब मिळते म्हणून तो बल्बच्या जवळ वर जाऊन झोपत असणार. तिथे हवा ३५ अंशांपर्यंत तापली तर खालचे ८५ टक्के वर पन्नाशीच्या आसपास येतात. खाली पावसाळा, वर उन्हाळा, आणि आमचा हिरो वरच्या मजल्यावर. शिवाय रात्रभर अंग गरम राहिलं की शरीराचा कारखाना सुरूच राहतो, पाणी खर्च होत राहतं, विश्रांती अशी मिळतच नाही. आणि दिवसा फवारणी कमी झाली असेल तर पिणंही कमी. धुकं हे पिण्याला पर्याय नाही. रात्री श्वासावाटे जाणारं पाणी वाचावं म्हणून ते असतं.

डॉक्टरांनी ‘आता ठीक आहे’ म्हटल्यावर काय करायचं ते सांगते.

पिंजरा दिवाणखान्यातून हलवा. हीटरच्या गरम हवेची जाळी जिथे नाही, किंवा जिची झडप बंद करता येते, अशी खोली शोधा. बहुतेक घरांत एक तरी अभ्यासाची नाहीतर पाहुण्यांची खोली अशी असते जिथे हिवाळ्यात कुणी बसत नाही ‘कारण तिथे फार गारठा असतो’. तीच रंग्याची खोली. दाराच्या फटीतून किंवा बर्फाळ खिडकीतून थेट वारा अंगावर येणार नाही एवढं बघा. मग दोन आठवड्यांत, दर दोन-तीन रात्रींनी एकेक अंश उतरत, रात्रीचा पारा १७-१८ सेल्सिअसवर आणा, म्हणजे साधारण ६२ ते ६५ फॅरनहाइट. ठणठणीत मोठा व्हेल्ड त्याहून खालीसुद्धा मजेत असतो, १३ पर्यंत मी स्वतः काळजी करत नाही. त्याच्या खाली जायची भीती असेल तर बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर जाळीच्या बाहेर, थर्मोस्टॅट लावून ठेवावा. थर्मोस्टॅटशिवाय कधीही नाही. नेपरव्हिलमधल्या चालू हीटरच्या घरात त्याची वेळ येणार नाही, पण वादळात वीज गेली तर काय, याचा विचार करून ठेवलेला बरा.

एक आठवण ठेवा, हे आकडे व्हेल्डचे. तुमच्या लेकाच्या मित्राकडे पँथर शॅमेलिऑन असेल तर तो मादागास्करच्या किनाऱ्याकडचा, त्याला रात्र १८ ते २१ ची बरी वाटते. केनियाच्या डोंगरातला तीन शिंगांचा जॅक्सन असेल तर तो १०-१५ अंशांतच खूश. आणि कुठल्याही जातीची पिल्लं लवकर सुकतात, लवकर गारठतात, त्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा.

गारवा जमला की ओल. प्लास्टिक पुन्हा लावा, पण फक्त मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना. समोरची जाळी मोकळी, वरची पूर्ण मोकळी. बाथरूमचा पारदर्शक पडदा कापून लावला तरी चालतो, मी अनेक वर्षं तेच करते आणि घरी येणारे लोक नाकं मुरडतात. आत खरी झाडं हवीत. मनीप्लांट, जास्वंद, शेफ्लेरा. ती मातीतून आणि पानांतून रात्रभर हळूहळू ओल सोडत राहतात, आणि ते काम कुठल्याही यंत्राहून सावकाश आणि शांतपणे होतं. व्हेल्ड पानं खातो, म्हणून नर्सरीतून आणलेलं झाड पानं नीट धुऊन, वरची माती बदलूनच आत ठेवा. प्लास्टिकची पानं असतील तर काढून टाका.

वेळापत्रक म्हणाल तर माझं असं आहे. दिवे सकाळी सात ते संध्याकाळी सात. दिवे गेल्याबरोबर दोन मिनिटं फवारणी, पानं ओली होण्यापुरती. मग मध्यरात्रीपर्यंत काही नाही, तेवढ्यात खोली गार होते. बारापासून पहाटे सहापर्यंत फॉगर, तोही सलग नाही, टायमरवर अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. साडेसहाला, अजून अंधार असतानाच, पुन्हा दोन मिनिटं फवारणी. मग दिवा. दिव्याखाली व्हेल्ड नराला २९-३० अंश पुरतात. दुपारपर्यंत पानं पूर्ण सुकलीच पाहिजेत, नाही सुकली तर रात्रीचं धुकं कमी करा. दुपारी हवा ३०-४० टक्क्यांवर आली तर येऊ द्या. दिवसाचा कोरडेपणा त्याला मानवतो, सकाळ-संध्याकाळ प्यायला मिळालं की झालं. दुपारी एखादा थेंबथेंब ठिबकणारा डबा वीस मिनिटं ठेवला तर उत्तम. सुरुवातीला फॉगर दोनच तास चालवा आणि आठवडाभर बघा. शिकागोतली कोरडी हवा पुरं पाणी पिऊन टाकते, वाढवावं लागेल, पण वर जाताना पायरी पायरीने.

फॉगरबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण लोक महागातलं यंत्र आणतात आणि टाकीत काय चाललंय ते बघत नाहीत. अल्ट्रासॉनिक फॉगर पाणी उकळत नाही, नुसतं थरथरवून त्याचे सूक्ष्म कण उडवतो. म्हणजे टाकीत जे असेल ते सगळं हवेत. नळाचं पाणी घातलं तर त्यातले क्षार पांढऱ्या पिठासारखे झाडांवर, टेबलावर आणि सरड्याच्या फुप्फुसात. म्हणून डिस्टिल्ड पाणीच. आणि पाणी शिळं झालं, आत बुळबुळीत थर आला, तर ते जंतूही धुक्याबरोबर थेट नाकात. टाकीतलं उरलेलं पाणी रोज सकाळी फेकायचं. आठवड्यातून एकदा टाकी आणि नळी व्हिनेगरने धुवायची, भरपूर पाण्याने खळखळून कोरडी करायची. बोट फिरवून बघा, बुळबुळलं की परत धुवा. तुमच्या टाकीत आत्ता काय आहे ते डॉक्टरांकडे जायच्या आधी बघाच, आणि थर दिसला तर तेही त्यांना सांगा. नळी लोंबकळून मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि धुकं पुढे जात नाही, मग लोक म्हणतात यंत्र बिघडलं. नळी एकसारख्या उतारावर ठेवा. गार धुकं जड असतं, आपोआप खाली उतरतं, म्हणून नळीचं तोंड पिंजऱ्याच्या वरच्या भागात सोडा, पण तो झोपतो त्या फांदीवर रोखून नको. निलगिरी, कापूर, असलं काहीही पाण्यात घालायचं नाही. हे लिहावं लागतंय कारण गेल्या वर्षी एकीने घातलं होतं, ‘सर्दी झाली म्हणून’.

मापक दोन घ्या, डिजिटल, तारेच्या टोकाला सेन्सर असलेले. एक त्याच्या झोपायच्या फांदीच्या उंचीवर, एक खाली. घड्याळासारखे गोल काट्याचे फेकून द्या. नवे आणले तरी खात्री करून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओलसर लापशी करा, मापकासोबत हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. डब्यात ७५ टक्के यायला हवेत. ८० दाखवला तर पाच वजा करून वाचा. तुमच्या लेकाला हा प्रयोग आवडेल, शाळेत दाखवण्यासारखा आहे. आणि लेझरचं ते पिस्तूल हवेचं तापमान सांगत नाही, ज्याच्यावर रोखाल त्या पृष्ठभागाचं सांगतं. त्याच्यावर विसंबून पिंजरा ‘गार आहे’ ठरवू नका.

खोलीच्या खिडकीच्या काचेवर सकाळी पाणी जमत असेल तर ते पुसत चला आणि दार दिवसभर उघडं ठेवा. सरडा बरा आणि भिंतीला बुरशी, असं व्हायला नको. पिंजऱ्याखाली पाणी साठायला ट्रे हवाच, तोही रोज रिकामा करायचा.

जाता जाता, हे सदर पुण्या-नाशकातही वाचलं जातं म्हणून सांगते. आपल्या कोकणात आणि देशावर जो शॅमेलिऑन सापडतो, आमच्या कुडाळकडे ज्याला घोयरा म्हणतात, तो रंग्याचा जवळचा चुलतभाऊ. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, पकडायचा नाही, पाळायचा नाही. माझ्या लहानपणी त्याला बघितलं की लोक दगड उचलायचे, अपशकुनी म्हणून. रस्ता ओलांडताना दिसला तर गाडी थांबवा, त्याची ती डुलतडुलत चाल संपेपर्यंत दोन मिनिटं जातात. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणतात, तेवढी तरी त्याला धावू द्या.

आता सासूबाई. त्यांच्या मनात अपराधीपणा येईल असं काही बोलू नका. थंडीत जिवाला ऊब द्यावी ही त्यांची भावना बरोबर आहे, फक्त हा जीव आपल्या अंगात आपली ऊब तयार करत नाही. त्याला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. गारव्यात त्याचं अंग मंदावतं, रंग फिका पडतो, शेपूट वेटोळं करून तो गाढ झोपतो. रात्री बॅटरीच्या एका झोतात पाहिलेला फिकट, जवळजवळ पोपटी-पांढरा रंग्या ‘गारठला’ असं त्यांना वाटेल. तो गारठलेला नसतो, झोपलेला असतो. दिवसा डोळे मिटून बसला तर मात्र मला नाही, डॉक्टरांना कळवा.

आणि त्या बार्शीच्या आहेत ना? मग त्यांना हरभऱ्याची आंब विचारा. पौष-माघात रात्री हरभऱ्याच्या पिकावर धुतलेलं फडकं पसरायचं, पहाटे दहिवराने आणि पानांच्या आंबटपणाने ते चिंब व्हायचं, मग भांड्यात पिळून घ्यायचं. विहिरीला पाणी नसलेल्या वर्षीसुद्धा रब्बीची ज्वारी त्या गार रात्रींत कशी तग धरते, हे त्यांना तुम्हा-आम्हांहून चांगलं माहीत असणार. रंग्याच्या पिंजऱ्यात रात्री आपल्याला तेवढंच करायचं आहे. तो बरा झाला, खोली गार झाली, की पहाटे सहाला दिवे लागायच्या आत त्यांनाच पिंजऱ्याशी न्या. मनीप्लांटच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबतोय का, आणि हवेला कुबट वास नाही ना, एवढं त्यांनी बघायचं. मापकाचा आकडा तुमच्या लेकाने वहीत लिहायचा, आणि दोघांचं जुळलं नाही तर पहिले चार दिवस सासूबाईंचं ऐका.

डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. लाल बल्ब आज रात्री काढताय ना?